शबाकियात मध मुरत नाही? आधी तळणी तपासा

वरून चिकट, आतून कोरडी. घरी शबाकिया करणाऱ्या बहुतेकांची तक्रार या चार शब्दांत मावते. रूप छान आलेलं असतं, पाकळ्या जागच्या जागी असतात, तीळही दिसायला झकास चिकटलेले असतात. तोंडात घातली की कळतं, मध सगळा बाहेरच राहिलाय आणि आत नुसता मसाल्याच्या वासाचा कोरडा मैदा आहे. दुसरी तक्रार याच्या अगदी उलट वाटते: केली त्या दिवशी कुरकुरीत होती, दुसऱ्या दिवशी वातड झाली. मग लोक मध बदलतात, जास्त महागाचा आणतात, मधात पाणी घालून बघतात, रात्रभर मधात बुडवून ठेवतात. माझं म्हणणं असं की या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं आणि ते मधात नसून कढईत असतं. मध मुरायची तयारी तळतानाच व्हावी लागते.

ज्यांनी शबाकिया खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे मोरोक्कोच्या रमझानचं पक्वान्न. भाजलेल्या तिळाची पूड, बडीशेप, दालचिनी, केशर आणि नारिंगाच्या फुलांचं पाणी घालून मैदा घट्ट मळायचा, लाटून चौकोन कापायचे, चौकोनाला चिरा देऊन पट्ट्या बोटावर एकाआड एक घ्यायच्या आणि फुलाची घडी घालायची. मग सावकाश तळणी आणि लगेच गरम मध. काही भागांत हिलाच मखरका म्हणतात. रमझानच्या आधीचा शाबान महिना लागला की घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका एकत्र बसून महिन्याभराची करून ठेवतात. एक लाटते, दोघी-तिघी घड्या घालतात, एक कढईपाशी असते आणि एक मधापाशी. रोजा सोडताना खजूर, हरीरा नावाचं टोमॅटो-मसूर-हरभऱ्याचं दाट सूप, आणि त्या तिखटमिठाच्या सुपाबरोबरच ही गोड शबाकिया. मधापाशी स्वतंत्र माणूस का लागतो, हे पुढे येईलच. तो काही गप्पांपुरता बसवलेला नसतो.

तेलातून मधात जाताना काय होतं

तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडते. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. ती गेली की पिठात बारीक बारीक पोकळ्या राहतात. शबाकिया तेलातून वर काढली की आत उरलेली वाफ निवायला लागते, तिचं पुन्हा पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर जे काही पातळ असेल ते आत ओढलं जातं. तेल असेल तर तेल, मध असेल तर मध. ही ओढ सुरुवातीला सगळ्यात जोरात असते आणि शबाकिया निवत जाईल तशी संपत जाते.

म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. आत पोकळ्या झालेल्या हव्यात, शबाकिया कढईतून नुकतीच निघालेली हवी, आणि मध इतका पातळ हवा की तो त्या पोकळ्यांत शिरेल. मध पातळ करायचा तर तो गरम करायचा. पाणी घालून पातळ करणं हा वेगळा आणि वाईट रस्ता आहे. यातली पहिली अट सगळ्यात जास्त वेळा चुकते, म्हणून तिच्यावर जास्त बोलते.

तळणी

मोठ्या आचेवर काय होतं ते पाहा. तेल १८०-१९० अंशांवर गेलेलं असेल तर शबाकिया दोन-तीन मिनिटांत मस्त तांबूस होते. बाहेरचा थर कडक होऊन बसतो आणि आतलं पाणी आतच राहतं. पोकळ्या झाल्याच नाहीत, तर मध जाणार कुठे? तो पाकळ्यांवर बसून राहतो. शिवाय आत अडकलेला ओलावा रात्रभरात हळूहळू बाहेरच्या कडक थरात येतो. दुसऱ्या दिवशीची वातड शबाकिया ती हीच. डबा नीट लागला नाही म्हणून वातड झाली असं वाटतं, पण तो ओलावा बऱ्याचदा बाहेरून आलेला नसतो, तो तिच्या पोटातच होता.

तेल १६० ते १६५ अंशांवर ठेवा. एक घाणा आठ ते दहा मिनिटं चालला पाहिजे. त्याहून लवकर रंग आला तर आच जास्त आहे असं बेधडक समजा. थर्मामीटर नसेल तर पिठाची चिमूट तेलात टाका. ती तळाशी जावी, क्षणभर थांबावी आणि बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर यावी. टाकल्या टाकल्या उसळून वर आली तर तेल जास्त तापलंय. तळाशीच बसून राहिली तर अजून तापायचंय, आणि अशा तेलात तळलेली शबाकिया तेलकट होते. दिवाळीत आपण शंकरपाळी ज्या आचेवर आणि ज्या धीराने तळतो, तीच आच आणि तोच धीर इथे लागतो.

रंगावर मात्र फार विसंबू नका. पिठात हळद आणि केशर असतं, त्यामुळे ते कच्चं असतानाच पिवळं दिसतं. तेलात चौथ्या मिनिटालाच छान सोनेरी होतं आणि हात झाऱ्याकडे जातो. थांबायचं. मोरोक्कोतल्या शबाकियाचा रंग लालसर तपकिरी असतो, आणि तो मधामुळे आलेला नसतो, मध त्यावर फक्त चकाकी चढवतो. झाली की नाही हे बघायची जागा म्हणजे फुलाच्या आतली वळणं, जिथे दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात. तिथे तेल सगळ्यात उशिरा काम करतं. झाऱ्यावर एक शबाकिया उचला, उजेडाकडे धरा आणि त्या खाचेत बघा. बाहेरची कड तपकिरी आणि खाच फिकट पिवळी असेल तर ती परत तेलात गेली पाहिजे. खाचेचा रंग कडेच्या रंगाजवळ आला की झाली. दोन खुणा आणखी आहेत. सुरुवातीला दाट असणारे बुडबुडे शेवटी तुरळक होतात. आणि झाऱ्यात हलकेच उडवली तर तयार शबाकिया हलकी लागते, टक्‌ टक्‌ वाजते. कच्ची जड असते आणि मुकाट पडून राहते.

कढईत गर्दी करू नका. एकदम खूप घातल्या की तेल झपकन उतरतं, मग आपण आच वाढवतो, आणि शेवटची तीन मिनिटं त्या नको इतक्या तापलेल्या तेलात जातात. आच एकदा जुळली की घाण्यातल्या शबाकियांची संख्या तीच ठेवा. पहिल्या घाण्यातली एक शबाकिया मध न लावता मधोमध मोडून बघा. आतून ती एकसारखी खुसखुशीत, किंचित भुसभुशीत हवी. मधे ओलसर, चमकदार रेघ दिसली तर पुढच्या घाण्याला दोन मिनिटं जास्त द्या, आच मात्र वाढवू नका.

मध

खोलगट, अरुंद तोंडाचं पातेलं घ्या. अर्धा किलो मैद्याच्या शबाकियांसाठी किलो ते दीड किलो मध तापवावा लागतो. इतका काही मुरत नाही, पण बुडायला खोली लागते. उरलेला गाळून ठेवता येतो आणि पुढच्या खेपेला वापरता येतो. पसरट कढईत अर्धा किलो मध घालून शबाकिया त्यात लोळवल्या, तर एक बाजू गोड आणि दुसरी कोरडी राहते. मधाची काटकसर तिथे दिसतेच.

मध मंद आचेवर तापवायचा आणि कडेने फेस धरू लागला की गॅस बंद करायचा. तो भसकन वर येतो, म्हणून पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. गॅस बंद केल्यावर दोन मोठे चमचे नारिंगाच्या फुलांचं पाणी घाला, जरा लांबून, कारण ते तडतडतं. मध खळखळ उकळू द्यायचा नाही. उकळला की काळपट होतो, कडवट होतो, त्यातलं पाणी उडून आटतो, आणि असा आटलेला मध निवल्यावर दाताला चिकटत राहतो.

आता तो क्षण. शबाकिया तेलातून काढायची, झाऱ्यावर दोन-तीन झटके देऊन तेल निथळवायचं आणि सरळ मधात सोडायची. कागदावर काढायची नाही. भजी, वडे, करंज्या, सगळं कागदावर काढायची आपल्या हाताला सवय असते, ती इथे आड येते. कागदावर दोन मिनिटं ठेवलेल्या शबाकियाची ती आतली ओढ तेल आणि हवा घेऊनच संपलेली असते. मग ती मधात तासभर ठेवली तरी मध वरवरच भिजवतो.

मधात पाच ते सात मिनिटं. त्या तरंगतात, म्हणून झाऱ्याने अधूनमधून खाली दाबा आणि एकदा उलटा. पुढचा घाणा तेलात तयार होतो तेवढ्या वेळात आधीचा मध पिऊन होतो, वेळ बरोबर जुळते. मग चाळणीत काढून खाली ताट ठेवून निथळू द्या आणि वरचा मध ओला असतानाच भाजलेले तीळ भुरभुरवा.

खूप जणी सांगतात की पहिले दोन घाणे उत्तम होतात आणि नंतरचे कोरडे. त्याचं कारण मध निवत जातो. दर घाण्याला तो घट्ट होतो आणि आपलं सगळं लक्ष कढईकडे असतं. शबाकिया घालण्याआधी मध प्रत्येक वेळी पुन्हा मंद आचेवर कडेच्या फेसापर्यंत आणा. मोरोक्कोतल्या घरांत मधापाशी बसलेल्या बाईचं हेच काम: मध गरम ठेवायचा, शबाकिया दाबायच्या, उलटायच्या, वेळेवर काढायच्या, वर साचलेला तेलाचा तवंग चमच्याने काढून टाकायचा. एकटीने करत असाल तर घाणे लहान ठेवा आणि मधाचं पातेलं कढईशेजारच्याच बर्नरवर ठेवा. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेलं पातेलं म्हणजे हमखास थंड मध.

आपल्याकडे पुष्कळ घरांत मध गरम करत नाहीत, आयुर्वेदात गरम केलेला मध निषिद्ध मानला आहे. त्यांनी शबाकिया सोडून द्यायची गरज नाही. मोरोक्कोतही अनेक घरांत मधाबरोबर किंवा मधाऐवजी साखरेचा पाक वापरतात. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, अर्ध्या लिंबाच्या चकत्या आणि दालचिनीचा एक तुकडा एकत्र उकळा, आणि पाक एकतारी होण्याच्या बेतात आला, म्हणजे १०५ अंशांच्या आसपास, की उतरवा. फुलांचं पाणी इथेही शेवटी. लिंबू वगळू नका. लिंबाच्या आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, म्हणून पाक निवल्यावर पुन्हा दाणे धरत नाही. दोन दिवसांनी शबाकियांवर पांढरी रवाळ साय आली अशी तक्रार असते, ती बहुतेक लिंबाशिवाय केलेल्या किंवा जास्त आटवलेल्या पाकाची असते. नुसत्या मधावरही कधी कधी दाणे धरतात. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त असतं तो लवकर दाणेदार होतो, तो त्याचा स्वभाव आहे, भेसळ झालीच असेल असं नाही.

पीठ

तळणी आणि मध दोन्ही बरोबर असूनही शबाकिया दगडासारखी कडक लागत असेल, तर पिठाकडे वळा. हे माप माझ्या स्वयंपाकघरात चालतं: मैदा ५०० ग्रॅम, भाजून पूड केलेले तीळ १२५ ग्रॅम, बडीशेपेची पूड आणि दालचिनीची पूड एकेक मोठा चमचा, हळद अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, यीस्ट पाव लहान चमचा. वितळलेलं लोणी ६० ग्रॅम आणि ऑलिव्ह तेल ६० मिलिलिटर हे मोहन. भिजवायला एक अंडं, नारिंगाच्या फुलांचं पाणी ६० मिलिलिटर, पांढरं व्हिनेगर ४५ मिलिलिटर आणि यीस्ट विरघळवायला थोडं कोमट पाणी. केशराच्या काड्या फुलांच्या पाण्यातच भिजवून ठेवा.

मोहन आधी कोरड्या मैद्याला नीट चोळा, पातळ जिन्नस नंतर. यीस्ट आणि बेकिंग पावडर इतकी थोडी आहे की घालायची कशाला असं वाटेल, पण त्या पोकळ्या व्हायला तिची मदत होते. वाढवू मात्र नका. जास्त झाली की पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटतात आणि फुलाचा गोळा होतो. लोण्याऐवजी साजूक तूप घ्यायचं तर ५० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाणीही असतं आणि तुपात नसतं. तेवढं पाणी भिजवताना चमचाभर जास्त घ्या. अंडं नको असेल तर त्याच्या जागी साधारण ५० मिलिलिटर पाणी किंवा दूध घाला. पट्ट्या थोड्या नाजूक होतात, मळायला दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात, बाकी बिघडत नाही.

तिळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तीळ बिनपॉलिशचे घ्या, संक्रांतीच्या लाडवांना जे खमंग लागतात ते. निवडून, मंद आचेवर, एकसारखे हलवत भाजा आणि पूर्ण निवल्यावर मिक्सरमधून थांबून थांबून काढा. पूड हातात दाबली तर तिची मूठ वळावी, इतकी ओलसर झाली की थांबायचं. त्यापुढे तेल सुटून चटणीसारखा गोळा होतो, आणि ते तेल मोहनात भर घालतं. मग पीठ तुटायला लागतं, पट्ट्या बोटावर घेतानाच फाटतात. तीळ करपले असतील तर त्यांचा कडवटपणा मधानेही झाकत नाही, ते बाजूला ठेवून नवे भाजलेले बरे.

पीठ घट्ट हवं, पण लवचीक. हाताने आठ ते दहा मिनिटं दम धरून मळा. खुसखुशीत हवं म्हणून कमी मळायचं, हा आपला फराळाचा नियम इथे चालत नाही, कारण याच पट्ट्या पुढे बोटावर वळवायच्या असतात. मळून झाल्यावर चार गोळे करून बंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात वीस मिनिटं ठेवा. तपासायला छोटी पट्टी लाटून बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर चमचाभर पाणी लावून पुन्हा मळा.

जाडी दोन ते अडीच मिलिमीटर. जाड लाटली तर कितीही सावकाश तळा, आत ओलावा राहतो. फार पातळ लाटली तर ती कडक पापडी होते आणि मध धरायला आत गरच उरत नाही. कापायला करंजीचं कातण उत्तम चालतं. तळहाताएवढा आयत, त्यात कडा न तोडता लांबीच्या दिशेने चार चिरा, म्हणजे पाच पट्ट्या. मधलं बोट पट्ट्यांमधून एकाआड एक घाला, बोटाच्या पुढची आयताची दोन टोकं चिमटीत घट्ट दाबून जोडा, आणि बोट काढता काढता सगळं फूल त्या जोडावरून उलटं करा. लिहायला किचकट आहे, हाताला पाच-सहा फुलांत येतं. कापताना उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा झाकून ठेवा, लगेच लाटू नका. ताणलेलं पीठ लाटताना मागे सरकतं आणि जाड राहतं.

तेलात फूल उमलून सुटत असेल तर दोनच कारणं बघा. चिमटी ढिली होती, किंवा घडी घातल्यावर फुलं उघडी राहून वाळली आणि जोड सुटला. ओलसर फडक्याखाली झाका, आणि तेलात सोडल्यावर पहिलं मिनिट झारा लावू नका. त्यांना आकार धरू द्या.

मोडून पाहा, मग ठरवा

तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी एक शबाकिया मोडून बघायला सांगते. निथळून अर्धा तास झालेली घ्या आणि फुलाच्या मधल्या पट्टीवर मोडा. नीट मुरलेली असेल तर काप सगळीकडे एकाच रंगाचा, ओलसर चकाकीचा दिसतो आणि मोडताना मधाचा बारीक तार सुटतो. मधे पिठूळ, ओलसर फिकट रेघ असेल तर तळणी घाईची झाली किंवा लाटी जाड होती. आत पूर्ण शिजलेलं, खुसखुशीत, पण कोरडं असेल तर तळणी बरोबर आहे. मध निवला होता, शबाकिया निवली होती किंवा वेळ कमी दिला. मध सगळा ओघळून ताटात जमलाय आणि शबाकिया उघडी पडलीय, तर मध पातळ होता, फुलांचं पाणी जास्त पडलं किंवा पाक कच्चा राहिला. मध आत आहे पण बोटांना तेल लागतंय, तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा कढईत गर्दी झाली होती.

झालेला घाणा वाचवता येतो का? कोरड्या राहिलेल्या बहुतेक वाचतात. त्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर सहा-सात मिनिटं गरम करा आणि लगेच गरम मधात पुन्हा पाच मिनिटं ठेवा. पहिल्यासारखा नाही, पण बऱ्यापैकी मध जातो. आत कच्च्या राहिलेल्या शबाकियांना अजून मध लागलेला नसेल तर त्याही ओव्हनमध्ये १४० अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत सुधारतात. मध लागल्यावर मात्र त्यांना पुन्हा भाजू नका, मध आधी करपतो. कडक झालेल्या शबाकिया एक दिवस तशाच डब्यात राहू द्या, मध हळूहळू पसरतो आणि पुष्कळदा त्या दुसऱ्या दिवशी बऱ्या लागतात.

वासाचे जिन्नस

नारिंगाच्या फुलांचं पाणी, तिथल्या बोलीत माझहर, हे कडू नारिंगाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने काढतात. फेझ आणि माराकेश या शहरांकडे वसंतात घरोघरी तांब्याच्या भट्टीतून ते काढायची पद्धत आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या बेकरी-सामानाच्या दुकानांत ऑरेंज ब्लॉसम वॉटर म्हणून बाटली मिळते. संत्र्याचा इसेन्स त्याच्या जागी चालत नाही, तो फळाच्या सालीचा वास आहे, फुलाचा नाही. काहीच मिळालं नाही तर गुलाबपाणी निम्म्या मापाने घाला. चव वेगळी येईल, पण चांगली येईल. मोरोक्कोत केशर तालिविनच्या डोंगराळ भागात पिकतं. आपण काश्मीरचं वापरावं. मस्तकी नावाचा डिंकही घालतात, तो आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानांत रुमी मस्तकी म्हणून मिळतो. त्याचे दोन-तीन खडे चमचाभर साखरेबरोबर खलात कुटा, नुसते कुटले तर खलाला चिकटतात. जास्त घालू नका, पटकन कडू होतं. बडीशेप तिथे अनिसची, बारीक दाण्याची असते, आपली बारीक हिरवी बडीशेप तिच्या जवळ जाते.

ब्रिवातचा नियम वेगळा

शबाकियाबरोबर बदामाच्या ब्रिवातही करत असाल तर एक जपा. ब्रिवात म्हणजे वर्का या मैद्याच्या अगदी पातळ पोळीच्या पट्टीत बदाम, साखर, दालचिनी आणि फुलांच्या पाण्याचं सारण भरून केलेला त्रिकोण. तोही तळून मधात जातो. तिथली पट्टी कागदासारखी पातळ असते आणि तिला मध पिऊन मऊ व्हायचं नसतं. शबाकियाचा सात मिनिटांचा हिशेब तिला लावला की ती भिजून गळते. गरम मधात मिनिटभर, एकदा उलटून, आणि बाहेर. आपल्याकडे बाजारात मिळणारी समोसा पट्टी यासाठी छान चालते, फक्त टोकं मैद्याच्या पातळ खळीने नीट चिकटवा, नाहीतर सारण तेलात सुटतं आणि तेच तेल मग शबाकियांनाही काळं करतं. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायच्या असतील तर शबाकिया आधी तळा.

ठेवताना

पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की सगळी मेहनत वाया जाते. मग थरांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात ठेवा, बाहेरच, फ्रिजमध्ये नको. मध हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात शबाकिया दोन दिवसांतच ओलसर, चिकट होते, डबा कितीही चांगला असला तरी. त्या दिवसांत करायच्याच असतील तर तळून, पूर्ण निववून, मध न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. लागतील तेवढ्या काढून ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं चांगल्या गरम करा आणि त्या गरम असतानाच गरम मधात सोडा. इथेही कागदावर काढायच्या नाहीत.